लांबवलेला सूर

नापोलीच्या किनाऱ्यावरील हॉटेलांतून 'अजून जागीच आहेस' हे गाणे ज्या लाडिक आवाजात गायिले जाते, त्याला शोभेल अशीच एक हकीकत त्याला चिकटवून देण्यात आली आहे. कोणी एक उमराव, क्षयाने खंगलेली त्याची प्रेयसी, समुद्रावर पडलेले चांदणे, आणि तिच्या शेवटच्या रात्री त्याने रचलेले हे गीत. ही हकीकत खोटी आहे, एवढाच तिचा दोष नाही. ती मिळमिळीतही आहे. ज्या गाण्यापायी एका मुलीचा गाल फाटला आणि एका पुरुषाचे तोंड भाजून निघाले, त्याला चांदण्याची गरज नव्हती.

ते गाणे रचले त्याच शहरातल्या सानिता वस्तीतल्या लिबोरियो ताल्यामोन्ते नावाच्या गवयाने, आणि तेही कपाळाला आठ्या घालून. लिबोरियो खानावळींतून टेबलाटेबलापाशी गिटार घेऊन फिरणाऱ्यांपैकी एक होता. अंगाने काटकुळा, तोंडाने फटकळ आणि आपल्या गळ्याबद्दल अतोनात अभिमानी. एके दुपारी तो शेवयांच्या वाडग्यात मान घालून बसला असता डॉन सोस्सियो कापुओत्सो समोर येऊन बसला आणि म्हणाला की एर्सिलियाच्या खिडकीखाली गायचे आहे, गाणे नवे पाहिजे, आणि येत्या रविवारी दिवे लागताना पाहिजे.

डॉन सोस्सियो हा सानिताचा दादा. कोणाचे लग्न अडले, कोणाचे दुकान फोडले गेले, कोणाची बहीण पळाली, तर लोक पोलिसांकडे न जाता त्याच्याकडे जात. त्याच्यासमोर 'नाही' हा शब्द उच्चारलेले लोक वस्तीत होते, परंतु त्यांना ओळखणे फार सोपे असे. कोणाचे बोट वाकडे असे, कोणाचा कान अर्धा असे. लिबोरियोने वाडगा बाजूला सारला आणि होकार दिला.

त्या वस्तीत खिडकीखालच्या गाण्याला करमणूक कोणीच समजत नसे. ते मागणे असे. गवई बाजूला उभा राही आणि ज्याने गाणे सांगितले तो पुरुष टोपी हातात घेऊन, उघड्या डोक्याने, बरोबर खिडकीच्या खाली उभा राही. गाणे संपेपर्यंत त्याने पाऊल हलवायचे नाही. मध्येच हलला तर तो भ्याला असे साऱ्या गल्लीने धरून चालायचे. खिडकी बंद राहिली तर नकार. झडपा उघडून मुलगी दिसली तर शब्द दिला गेला, आणि त्याला सगळी गल्ली साक्षीदार.

लिबोरियोने मनाशी बेत केला होता की गाणे बेताचेच करावे. एर्सिलिया हातमोजे शिवणाऱ्या मुलींपैकी. आईबाप नसलेली, आस्सुन्ता मावशीने वाढवलेली, आणि कोणाच्या अध्यात नसलेली. तिने खिडकी उघडू नये, सोस्सियोने दोन दिवस धुसफुसावे आणि प्रकरण मिटावे. पण शनिवारी गिटार मांडीवर घेतल्यावर दुसऱ्या ओळीला एक वळण असे काही सुचले की ते टाकून देणे त्याच्याने होईना. ज्याला सुतारकाम येते त्याने मुद्दाम वाकडी खुर्ची करून पाहावी. हात ऐकत नाहीत. रविवारी दिवे लागताना तो गायला, आणि तिसऱ्या ओळीच्या आतच वरच्या झडपा उघडल्या. एर्सिलिया कठड्यावर कोपरे टेकून, तोंड किंचित उघडे ठेवून, गाणे संपेपर्यंत ऐकत राहिली. तिची नजर गवयावर होती. खाली टोपी छातीशी धरून उभा असलेला माणूस तिने पाहिला की नाही, याची शंकाच आहे.

दुसऱ्या दिवशी सोस्सियोने सोन्याची कर्णफुले पाठवली. ती घेऊन एर्सिलिया स्वतः खाली उतरली आणि न्हाव्याच्या दुकानात, तोंडाला साबण फासून बसलेल्या सोस्सियोच्या तळहातावर तिने ती ठेवली.

"डॉन सोस्सियो, खिडकी मी गाण्यासाठी उघडली," ती म्हणाली. "तुम्ही खाली होतात, हे मला मावशीने नंतर सांगितलं."

ती हे टोचून बोलली असती तर कदाचित निभावले असते. ती खरे तेच सांगत होती, आणि ते तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होते. न्हाव्याला हसू आवरले नाही. सोस्सियो उठला, त्याने न्हाव्याची मानगूट धरली आणि त्याचे तोंड समोरच्या आरशावर आपटले, आरसा फुटेपर्यंत, आणि फुटल्यावर आणखी एकदा. मग साबण पुसून तो शांतपणे बाहेर पडला. कर्णफुले त्याने जाता जाता खाली पडलेल्या न्हाव्याच्या छातीवर टाकली.

त्यानंतरच्या रविवारी, प्रार्थना संपून लोक चर्चच्या पायऱ्या उतरत असताना, सोस्सियो एर्सिलियासमोर उभा राहिला. लिबोरियो त्या वेळी पायऱ्यांखालच्या तळणवाल्यापाशी उभा होता. त्याने सगळे पाहिले. सोस्सियोने तिची हनुवटी डाव्या हातात इतक्या हळुवारपणे धरली की मागून येणाऱ्या बायांनी हसून एकमेकींना कोपराने ढोसले. उजव्या हातात वस्तरा होता. तो कानाच्या पाळीपाशी टेकला आणि ओठाच्या कोपऱ्याशी येऊन थांबला. घाई नव्हती, झटका नव्हता. कातडे कापणारे कारागीर ज्या सफाईने रेघ ओढतात तशी रेघ ओढली गेली. मिटलेला डोळा उघडावा तसा गाल उघडला आणि आत दात दिसले. मग रक्त आले.

"आता दुसऱ्या कुणासाठी खिडकी उघडशील," सोस्सियो म्हणाला, "तर त्याला आधी मीच दिसेन."

वस्तीतल्या रिवाजाप्रमाणे पुढचे सगळे ठरलेले होते. अशी खूण झालेल्या मुलीने पोलिसांना सांगायचे की बाटली घेऊन जाताना पाय घसरला. वर्षभरात जखम भरायची, आणि बहुधा तिने त्याच माणसाशी लग्न लावायचे, कारण दुसरा कोणी त्या गालाकडे पाहून पुढे येत नसे. आपली खूण मिरवणाऱ्या बायाही होत्या. कोणीतरी आपल्यासाठी इतका वेडा झाला, असे त्या म्हणत. एर्सिलियाने इस्पितळात, टाके घातलेल्या तोंडाने, पोलीस अंमलदाराला सोस्सियोचे नाव, त्याच्या बापाचे नाव आणि गल्लीचे नाव सांगितले. अंमलदाराने तिला विचार बदलायची संधी द्यावी म्हणून तोच प्रश्न पुन्हा विचारला. तिने तेच उत्तर पुन्हा दिले. सोस्सियोला बेड्या पडल्या, आणि सानिताने एर्सिलियाशी बोलणे टाकले.

खटला उभा राहिला तेव्हा सोस्सियोच्या वकिलाने, देल्ला रात्ता नावाच्या गोड बोलणाऱ्या गृहस्थाने, लिबोरियोला साक्षीला बोलावले. ज्या गाण्यावरून हे सारे घडले ते गाणे निवाडा देणाऱ्या पंचांनी ऐकावे, अशी त्याची मागणी होती, आणि न्यायाधीशांनी ती मान्य केली.

साक्षीच्या आदल्या दिवशी आस्सुन्ता मावशी लिबोरियोच्या दाराशी आली. आत ये म्हटले तरी आली नाही.

"तुझ्या गळ्याने आमच्या पोरीचा गाल फाडला," ती म्हणाली.

"मावशी, वस्तरा माझ्या हातात नव्हता."

"वस्तरा त्याचा. हाक तुझी होती." तिने आवाज खाली आणला. "उद्या ते पंच पाघळले तर त्याला सोडतील. बेसूर गा, लिबोरियो. गाढवासारखं गा. एवढं एक कर, म्हणजे झालं."

लिबोरियोने शब्द दिला. ती वळली न वळली तोच सोस्सियोची माणसे आली. त्यांनी त्याला गोठ्यात नेले, पिंपाला टेकवून उभे केले आणि बरगड्यांवर लाकडी दांडके चालवले. कुठे मारायचे ते त्यांना नीट शिकवून पाठवलेले असावे, कारण त्यांनी त्याच्या बोटांना हात लावला नाही आणि गळ्याला तर रुमाल गुंडाळून दिला. जाताना त्यांतला एक जण म्हणाला की डॉन सोस्सियोची इच्छा आहे, उद्या आवाज चांगला लागावा.

लिबोरियो घाबरून चांगला गायला, असे पुढे पुष्कळांनी म्हटले. ते खरे नाही. कोर्टात उभा राहिला तेव्हा श्वास घेताच त्याच्या बरगडीत सुरी फिरल्यासारखे होत होते, आणि तरीही त्याने ठरवले होते ते केले. पहिली ओळ त्याने इतकी उतरवून गायिली की बाकांवर खसखस पिकली. पिंजऱ्यात उभा असलेला सोस्सियोही हसला. एर्सिलिया समोर बसली होती, शाल गालावरून ओढून घेतलेली. देल्ला रात्ता मात्र हसला नाही. त्याने पंचांकडे वळून, अत्यंत दिलगिरीच्या सुरात म्हटले:

"पाहा, सभ्य गृहस्थहो. ही मुलगी शपथेवर सांगते की तिने खिडकी या गाण्यासाठी उघडली. हे रेकणं ऐकायला कोण खिडकी उघडेल? ती उघडली माझ्या अशिलासाठी. शब्द दिला, मग फिरवला, आणि आता इथे येऊन खोटं बोलते."

लिबोरियोचा हात तारांवर थांबला. गाणे वाईट असेल तर एर्सिलिया खोटी ठरत होती. गाणे चांगले असेल तर ते ज्याच्या वतीने गायिले गेले तो माणूस प्रेमाने वेडा झालेला ठरत होता. वकिलाने दोन्हीकडून दार लावून घेतले होते, आणि मावशीला काय, त्याला स्वतःला काय, हे सुचलेच नव्हते. त्याने एर्सिलियाकडे पाहिले. ती मान हलवत नव्हती, खूण करत नव्हती; फक्त खोटे म्हटल्याबरोबर तिने गालावरची शाल खाली ओढली होती. ती जखम लाल होती, दोऱ्यांच्या खुणांसकट.

त्याने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली आणि गाणे जसे होते तसे गायिले. ते तिचा शब्द खरा ठरावा म्हणून, की 'रेकणं' हा शब्द त्याला झोंबला म्हणून, याचा निवाडा त्याला मरेपर्यंत करता आला नाही. दोन्ही गोष्टी एकाच श्वासात बाहेर पडल्या होत्या. दुसऱ्या ओळीचे वळण आले आणि कोर्टातले कागद वाजायचे थांबले. पंचांतला एक जाडजूड सराफ डोळे टिपू लागला. पहाऱ्यावरच्या शिपायाने बंदूक भिंतीला टेकवली. आणि सोस्सियो, पिंजऱ्याच्या गजांवर कपाळ ठेवून, रडला. ते रडणे खरे होते. म्हणूनच ते इतके उपयोगी पडले.

देल्ला रात्ताला त्यानंतर फारसे बोलावे लागले नाही. अशा भावनेने पोळलेल्या माणसाचा हात क्षणभर त्याच्या ताब्यात राहिला नाही, एवढेच त्याने सांगितले. पंचांनी गुन्हा शाबीत धरला आणि आवेगाची सवलत दिली. जेवढी शिक्षा झाली तेवढी त्याने कोठडीत भोगलेलीच होती. सोस्सियो त्याच दुपारी सुटला.

कोर्टाच्या पायऱ्यांवर त्याला लोकांनी खांद्यावर घेतले. ज्यांचे कान त्याने कापले होते त्यांतलेही काही त्यात होते. गाणे एकदाच ऐकले होते, पण नापोलीच्या माणसाला एकदा ऐकणे पुष्कळ होते. चौकापर्यंत पोहोचेतो शंभर तोंडांत ते बसले. मग कोणाच्या तरी डोक्यात आले की गोष्टीचा शेवट गोड झाला पाहिजे. त्याने रडून दाखवले, आता तिने माफ केले पाहिजे. चला तिच्या खिडकीखाली. लिबोरियोला त्यांनी गिटारीसकट उचलून पुढे घातले.

गल्लीत शिरले तेव्हा दिवस मावळायचा होता. शनिवार होता, धुण्याचा दिवस. घरोघरी मोठ्या हंड्यांत राखेचे पाणी उकळत होते आणि दोऱ्यांवर चादरी लोंबत होत्या. एर्सिलियाच्या खिडकीच्या झडपा मिटलेल्या होत्या. सोस्सियोने टोपी काढली आणि तो खाली जाऊन उभा राहिला. त्याने लिबोरियोला मानेने खूण केली.

"मी गाणार नाही," लिबोरियो म्हणाला.

"सकाळी माझ्यासाठी गायलास ना?"

"सकाळी तिच्यासाठी गायलो. तुझ्या पदरात पडलं, माझा नाइलाज."

सोस्सियो जागेवरून हलला नाही. त्याच्या माणसांनी ते काम केले. पहिल्या ठोशाला लिबोरियोचा ओठ फुटला, दुसऱ्याला तो फरसबंदीवर पडला. कोणीतरी दुखऱ्या बरगडीवर लाथ घातली तेव्हा आतून काहीतरी तुटल्याचा आवाज त्याला स्वतःला ऐकू आला. गिटारीवर पाय पडला आणि तिचे पोट फुटले. सभोवती लोक गातच होते. गाण्याला आता त्याची गरज उरली नव्हती. अजून जागीच आहेस, अजून जागीच आहेस, म्हणत ते त्याच्या अंगावरून पुढे सरकत होते, आणि त्यांच्या आवाजात खरोखरीचा जिव्हाळा होता.

खिडकी उघडली नाही. गाणे संपले, पुन्हा सुरू झाले. मग कोणीतरी चिडून झडपेवर दगड मारला. "रांडे, उघड की," एक बाई ओरडली, आणि आणखी दगड आले. एक फळी चिरली. गाणारे थकले आणि सूर विस्कटले. सोस्सियोच्या मानेवर लाली चढली. त्याने टोपी डोक्यावर घातली आणि एर्सिलियाच्या दाराकडे पाहिले. दार लाकडी होते, एका लाथेचे होते, आणि आत दोन बायाच होत्या.

लिबोरियो उताणा पडला होता, म्हणूनच इतरांना न दिसलेली गोष्ट त्याला दिसली. चिरलेल्या फळीतून वाफ बाहेर येत होती. त्या फटीशी एक डोळा होता, आणि त्याच्या खाली लाल रेघेचा वरचा भाग. तो डोळा सोस्सियोकडे पाहत होता. मग लिबोरियोकडे वळला आणि तिथेच थांबला. आतून धातू दगडावर घासल्याचा आवाज आला. दोघी मिळून काहीतरी जड ओढत होत्या, आणि ते अजून कठड्यापर्यंत आले नव्हते.

सोस्सियोने एक पाऊल दाराकडे टाकले.

लिबोरियो गुडघ्यांवर उठला आणि गाऊ लागला. गिटार नव्हती, तोंडात रक्त होते, आणि तरी त्या दिवशी गल्लीतल्या इतर आवाजांत आणि त्या आवाजात काय अंतर आहे ते सगळ्यांना कळले. लोक गप्प झाले. सोस्सियो थबकला. गवई गात असताना जागा सोडणे त्याला शक्य नव्हते. सगळी गल्ली पाहत होती. तो मागे आला, बरोबर खिडकीच्या खाली, टोपी पुन्हा हातात घेतली, आणि चेहरा वर केला.

पहिली ओळ झाली. दुसरीचे वळण झाले. वर अजून ओढण्याचा आवाज येत होता. मावशीच्या धापेचा आवाज येत होता. शेवटची ओळ आली. 'उघड' हा तिचा शेवटचा शब्द, आणि तो मूळ चालीत चटकन मिटणारा होता. लिबोरियोने तो मिटू दिला नाही. तो सूर त्याने धरला आणि धरून ठेवला. तुटलेली बरगडी आत रुतत होती, डोळ्यांपुढे अंधारी येत होती, हनुवटीवरून रक्त गळत होते, आणि तो सूर चालूच होता. सोस्सियोचे डोळे पुन्हा पाणावले. लोकांनी एकमेकांचे हात धरले. तेव्हा झडपा उघडल्या.

आनंदाची एकच आरोळी उठली, आणि त्या आरोळीतच हंडा कलंडला.

राखेचे उकळते पाणी नुसत्या पाण्यासारखे ओघळून जात नाही. ते कातडीला धरते. सोस्सियोने दोन्ही हात तोंडाशी नेले आणि हातांबरोबर गालाची साल निघाली. तो ओरडला तेव्हा ते तोंडातही गेले. जवळ उभे असलेले लोक एकमेकांना तुडवत पळाले. वर कठड्याशी एर्सिलिया रिकामा हंडा तसाच धरून उभी होती, आणि तिच्या स्वतःच्या मनगटांवर फोड उठत होते. सोस्सियो भिंत चाचपत गल्लीच्या तोंडापर्यंत गेला आणि तिथे कोसळला. एक डोळा कायमचा गेला, दुसऱ्याने त्याला जेमतेम दिसू लागले, आणि ज्या चेहऱ्याला लोक भीत होते तो लोकांनी मान फिरवण्याजोगा झाला. त्याने वस्ती सोडली.

एर्सिलियाने याही वेळी काही लपवले नाही. मीच ओतलं, मावशीने फक्त हंडा धरला, असे तिने सांगितले. लिबोरियोने बरगड्या बांधलेल्या अवस्थेत जाऊन साक्ष दिली की तो सूर आपण जाणूनबुजून धरला. न्यायाधीशांनी त्याला खाली बसायला सांगितले. या वेळी गाणे ऐकायला कोणी मागितले नाही, आवेगाची सवलतही कोणाला आठवली नाही. मावशी सुटली. एर्सिलियाला बायकांच्या तुरुंगात कित्येक वर्षे काढावी लागली.

पहिल्या भेटीला लिबोरियो गेला. गजांपलीकडे ती हात शालीत गुंडाळून बसली होती. बाहेर रस्त्यावर कोणीतरी तेच गाणे शिट्टीवर वाजवीत चालले होते. तोवर ते शहरभर झाले होते, छापील कागदांवर आले होते, आणि त्यावर रचणाऱ्याचे म्हणून भलत्याच कोणाचे नाव होते. त्याने ते तिला सांगितले. तिने खांदे उडवले. मग तो चाचरत म्हणाला की आपण त्या कोर्टात पहिल्यासारखेच बेसूर गायला हवे होते, किंवा त्या पहिल्या रविवारीच.

"ते राहू दे," ती म्हणाली. फाटलेल्या गालामुळे तिला शब्द सावकाश काढावे लागत. "निम्मं पाणी घरातच सांडलं, लिबोरियो. मावशीला दम धरवेना. तू अजून थोडा लांबवायला हवा होतास."

त्यानंतर लिबोरियो जिथे जिथे ते गाणे गायला, तिथे शेवटचा सूर त्याने आदल्या खेपेपेक्षा लांब धरला. खानावळीतले लोक घास हातात धरून थांबत, आणि कोणी कोणी टाळी वाजवायला फार लवकर सुरुवात करी. तेव्हा तो डोळे मिटून घेई आणि सोडत नसे. त्याचे पाहून इतर गवई तसे धरू लागले. त्या सुराविषयी पुढे जाणकारांनी बरेच लिहिले आहे. कोणाला त्यात कोळ्यांची हाक ऐकू येते, तर कोणाला चर्चमधल्या गायनाची छाया दिसते. ते वाचून पाहावे, आणि मग एक मोठा हंडा काठोकाठ भरून तो खिडकीपर्यंत नेऊन पाहावा.